ऑक्टोबरमधला रिकामा वाफा: दापोलीकडच्या एका शेतघरातील दोन रात्रींच्या मुक्कामाचं प्रकरण

हे नमुना प्रकरण आहे. दापोली-गुहागर पट्ट्यात घराला लागून तीन-साडेतीन एकर जमीन, चार-पाच खोल्या आणि घरच्या माणसांनी रांधलेलं जेवण अशी जी कृषी पर्यटन केंद्रं चालतात, त्यांच्या रोजच्या हिशेबावरून ते मांडलं आहे. कोणा एका घराचं नाव-गाव त्यात नाही. आकडे असे घेतले आहेत की ज्याच्याकडे परस आणि स्वयंपाकघर आहे, त्याला ते स्वतः पडताळता यावेत.

पुण्याहून १४ जण येतात: १० मोठे, ४ मुलं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, शुक्रवारी रात्री पोहोचून रविवारी दुपारचं जेवून परत. तीन आठवडे आधी फोनवर ठरलेलं असतं आणि त्या फोनवर एक वाक्य हमखास बोललं जातं: "जेवण सगळं आमच्या शेतातलंच." शुक्रवारी रात्री पानात बटाट्याची भाजी, पोळी, तुरीचं वरण, भात. शनिवारी दुपारी फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा, टोमॅटोची कोशिंबीर, मटकीची उसळ. तेव्हा पाहुण्यांपैकी एक बाई सहज विचारतात, "काकू, हा फ्लॉवरपण इथलाच का?" काकू खरं तेच सांगतात, "नाही हो, दापोलीच्या बाजारातला." जेवण चवीला चांगलं होतं, वाढप मनापासून होतं, तरी रविवारी निघताना पाहुण्यांचा चेहरा उतरलेला असतो. तक्रार चवीची नसते, दिलेल्या शब्दाची असते. आणि आमच्या मते ती रास्त आहे.

त्या आठवड्यात शेतात काय होतं, ते आधी पाहू. जमीन साडेतीन एकर. एक एकर भातखाचर, दीड एकर वरकस (उताराच्या हलक्या) जमिनीवर हापूस आणि काजूची कलमं, पाऊण एकर नारळ-सुपारीची बाग, त्यात केळी आणि मिरीचे वेल, उरलेल्यात घर, गोठा, परस. खाचरात हळवं (लवकर येणारं) भात पिवळं पडून कापणीला आलेलं, गरवं (उशिरा येणारं) अजून उभं. परसात जूनमध्ये लावलेली भेंडी संपलेली, पानं हळद्या रोगानं पिवळी. मांडवावरचे पडवळ-दोडक्याचे वेल खालून वाळत आलेले, केवडा रोगानं पानांवर ठिपके, कारल्यांना फळमाशी. वाफे रिकामे, तणानं भरलेले. पण छपरावर पाच लाल भोपळे होते, तीन-चार पिकून जून झालेली तवशी (मोठ्या काकड्या) होती, विहिरीच्या पन्हळीला अळू माजलेलं होतं, केळीवर केळफुलं होती. कणगीत गेल्या वर्षीचं भात, डब्यात वाल आणि कुळीथ, बरणीत आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि आमसुलं, मडक्यात मे महिन्यात साठवलेल्या आठळ्या.

म्हणजे वाफा रिकामा होता, घर रिकामं नव्हतं. या प्रकरणाची दोन मुळं आहेत आणि ती वेगवेगळी सोडवावी लागतात. पहिलं मूळ लागवडीच्या तारखांत आहे. दुसरं संकोचात.

संकोचाचं आधी, कारण त्यावर उपाय आजच करता येतो. कोकणातल्या घरात पिठी-भात (कुळथाच्या पिठाचं पातळ कालवण आणि भात) हे रोजचं, साधं, कधी कधी गरिबीचं जेवण मानलं गेलं आहे. शहरातून पैसे देऊन आलेल्या माणसाला "पिठी कशी वाढायची" असं घरच्या बाईला वाटतं आणि ती मानाचं म्हणून बाजारातून फ्लॉवर, मटार, पनीर आणते. हेतू आदरातिथ्याचाच असतो. पण पाहुणा ज्यासाठी सहा तास घाट उतरून आला, नेमकं तेच डब्यात राहतं. फ्लॉवर त्याला त्याच्या घराखालच्या भाजीवाल्याकडे मिळतो. कुळथाची पिठी मिळत नाही.

आता लागवडीचं. कोकणात ऑक्टोबर-नोव्हेंबर हा भाजीचा खंड असतो. पहिल्या पावसावर, जूनच्या सुरुवातीला लावलेले वेल ऑगस्टमध्ये भरभरून देतात आणि सप्टेंबरअखेर थकतात. खाचरं भातानं अडलेली असतात. ती मोकळी झाल्यावर, नोव्हेंबरात अंगच्या ओलीवर वाल, कुळीथ, पावटा पेरला जातो आणि पाण्याची सोय असेल तिथे मुळा, माठ, वांगी, मिरची लागते. त्यातला माठ हातात यायला २५ ते ३० दिवस, मुळा ४० ते ४५. म्हणजे खरी भाजी डिसेंबरात. मधल्या दोन महिन्यांत मात्र गर्दी असते: गांधी जयंतीला जोडून आलेली सुटी, दसरा, दिवाळी. पाहुण्यांचं कॅलेंडर आणि मातीचं कॅलेंडर इथे एकमेकांशी भांडतात, आणि हे भांडण दरवर्षी ठरलेल्या तारखांना होतं. ठरलेल्या तारखांची तयारी करता येते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भेंडी तोडायची असेल तर बी १५ ऑगस्टच्या आसपास मातीत जायला हवं, कारण पहिल्या तोड्याला ४५ ते ५० दिवस लागतात. अडचण अशी की ऑगस्टात पाऊस सपाट वाफ्यात बी कुजवतो. म्हणून गादीवाफा हवा: मीटरभर रुंद, किमान वीतभर उंच, उताराच्या जागी, दोन्ही बाजूंना चर. एका गुंठ्याला ८० ते १०० ग्रॅम बी, ६० बाय ३० सेंटिमीटर अंतरावर साडेपाचशेच्या आसपास झाडं. हळद्या पांढऱ्या माशीमुळे पसरतो, तेव्हा परभणी क्रांती किंवा अर्का अनामिकासारखा रोगाला दाद न देणारा वाण घ्यावा आणि जूनच्या जुन्या रोगट झाडांची मुळं ऑगस्टपूर्वीच उपटून टाकावीत. ती उभी ठेवून शेजारी नवी पेरणी केली की रोग आपणच नव्या झाडांना देतो. बहर आल्यावर गुंठ्याला एका तोड्यात तीन-चार किलो भेंडी मिळते. तोडा दिवसाआड, पाहुणे असोत वा नसोत. चार दिवस सोडली की भेंडी रेशाळ होते, शिवाय झाडाचं फुलणं मंदावतं. "शनिवारी पाहुणे आहेत, तोपर्यंत राहू दे" ही चूक जवळपास प्रत्येक नव्या केंद्रात होते.

चवळीचं तसंच. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा कोकण सदाबहार हा बुटका वाण ऑगस्टच्या मध्यावर अर्धा गुंठा पेरला तर ऑक्टोबरात शेंगा येतात. मांडवासाठी पडवळ आणि दोडक्याची दुसरी तुकडी जुलैअखेर पिशव्यांत रुजवून पंधरा-वीस दिवसांची रोपं त्याच मांडवाखाली लावायची. जुने वेल उतरतात तेव्हा नवे चढतात, मांडवाचा खर्च पुन्हा होत नाही. फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचा (नर माश्यांना ओढणाऱ्या गंधाचा) सापळा फुलं यायच्या आधी टांगावा. किडकी कारली झाडाखाली पडू दिली तर सापळा असून उपयोग नाही, ती रोज वेचून खोल पुरायची.

पालेभाजीत हिशेब सगळ्यात सोपा आणि दुर्लक्ष सगळ्यात जास्त. १ सप्टेंबरपासून दर १० ते १२ दिवसांनी १० चौरस मीटरचा एक वाफा माठ. बी दोन-तीन ग्रॅमच लागतं, वाळूत मिसळून फेकायचं. पावसाच्या सरीनं ते वाहून जाऊ नये म्हणून तीन-चार दिवस नारळाच्या झापांनी झाकायचं आणि कोंब दिसला की त्याच संध्याकाळी झाप काढायची. एक दिवस उशीर झाला तर रोपं उंच, पांढरी आणि लोळकी होतात. चौरस मीटरला साधारण किलोभर माठ धरावा. या गटाला एका जेवणासाठी निवडण्याआधीचा अडीच किलो माठ लागतो, म्हणजे तीन चौरस मीटरसुद्धा पुष्कळ. दहा चौरस मीटरचा वाफा नसल्यामुळे बाजारची जुडी आणावी लागली, हे साडेतीन एकरांच्या धन्याला खटकायलाच हवं.

या गटाचा एकूण हिशेब असा. मुख्य जेवणं चार. चार मुलं म्हणजे दोन मोठे धरले तर १२ पूर्ण पानं, चार वेळा, म्हणजे ४८. पानामागे फळभाजी किंवा पालेभाजी निवडून १२० ग्रॅम धरली तर जवळपास ६ किलो, तोडलेल्या वजनात सात-साडेसात किलो. भाताला पानामागे ७५ ग्रॅम तांदूळ आणि दोन भाकऱ्यांना १३० ग्रॅम पीठ, म्हणजे चार जेवणांना सुमारे १० किलो तांदूळ. वर्षात असे ३० गट आले तर ३०० किलो. एकरी १५ क्विंटल भात धरलं आणि भरडून साठ-पासष्ट टक्के तांदूळ निघाला तर अर्धा एकर खाचर ही गरज भागवून उरतं. नारळ चार जेवणं, चटणी आणि सोलकढी मिळून १२ ते १५ लागतात. नीट खतपाणी केलेला बाणवली जातीचा एक माड वर्षाला ८० ते १०० नारळ देतो, तेव्हा ३० माडांच्या बागेला ही मागणी जाणवतही नाही. वाल बिरड्याला (मोड आणून सोललेल्या वालांच्या उसळीला) पानामागे ५० ग्रॅम, एका गटाला ६०० ग्रॅम. ३० गटांना १८ किलो, म्हणजे दोन-अडीच गुंठ्यांचं पीक. कुळीथ तर एका गुंठ्यात भागतो.

हे आकडे शेजारी ठेवले की जे दिसतं ते महत्त्वाचं आहे. कोकणातल्या शेतघराचं खरंखुरं "घरचं" म्हणजे तांदूळ, नारळ, कोकम आणि कडधान्य. ताजी भाजी हा त्यावरचा हंगामी भाग. शब्द द्यायचा तर पहिल्याचा बिनधास्त द्यावा, दुसऱ्याचा तारीख पाहून.

उलट बाजूही तितकीच स्पष्ट सांगायला हवी. घरच्या अंड्यांचा बोलबाला फार होतो, पण गावठी कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी घालते. २० कोंबड्या म्हणजे दिवसाला सरासरी तीन-चार अंडी, आणि खुडूक बसल्या की तीही नाहीत. १४ जणांच्या एका न्याहारीला २० अंडी लागतात, म्हणजे पाच-सहा दिवसांची साठवण. कोंबडी-वड्यांसाठी दहा मोठ्यांना तीन पक्षी. गावठी पक्षी सव्वा-दीड किलोचा व्हायला पाच-सहा महिने घेतो. दर शनिवार-रविवारी तीन पक्षी कापायचे तर दरमहा १५ पिल्लांची नवी तुकडी सतत मागून यायला हवी, आणि मुंगूस-घारीची तूट वेगळी. बहुतेक घरांना हे झेपत नाही, ती वाडीतल्या शेजाऱ्यांकडून पक्षी घेतात. त्यात कमीपणा काही नाही. "वाडीतला आहे" एवढं सांगितलं की झालं. दुधाचंही तसंच. कोकण कपिला गाय दिवसाला साधारण दोन-अडीच लिटर देते. दहा जणांचा चारदा चहा झाला की ते संपलं. मुलांचं दूध आणि दही बाहेरचंच. गहू, साखर, चहा, तेल, कांदा, बटाटा, हरभऱ्याची डाळ हे या जमिनीतलं नाही आणि तसा आव आणू नये.

आता त्याच शुक्रवार ते रविवारचं जेवण, त्याच घरात जे होतं त्यातूनच, पुन्हा मांडू. लागवडीतली कोणतीही सुधारणा न करता.

शुक्रवारी गट आठला म्हणून साडेनऊला पोहोचतो. घाटात पाऊस असला तर दहा. भाकरी अशा वेळी करून ठेवता येत नाही, ती चामट होते. म्हणून पहिल्या रात्री पिठी-भात. १२ पानांना दीडशे ग्रॅम कुळथाचं पीठ आणि सुमारे अडीच लिटर पाणी. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, मग लसूण-मिरचीच्या फोडणीवर ओतून ढवळत उकळी आणायची, आमसूल टाकायचं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं की गुठळ्या होतात आणि मग घोटूनही मोडत नाहीत. पिठी ठेवली की घट्ट होते, तेव्हा जवळ आधणाचं पाणी हवं. गाडी फाटकात शिरल्यावर चूल पेटवली तरी पंधरा-वीस मिनिटांत पिठी तयार. सोबत तवशाची कोशिंबीर, तळलेली सांडगी मिरची, तांदळाचे पापड, गेल्या वर्षीच्या तांदळाचा मोकळा भात. नवं भात झोडलं तरी पाहुण्यांना इतक्यात वाढू नये, त्याचा भात चिकट होतो. तांदूळ भरडून साठवण्यापेक्षा भातच कणगीत ठेवून महिन्या-दीड महिन्याचं भरडावं, म्हणजे सोंडे किडे कमी लागतात.

शनिवारी न्याहारीला घावन आणि नारळाचा गोड रस. दुपारी वालाचं बिरडं, भोपळ्याची भाजी, भाकरी, भात, सोलकढी. बिरड्याची सुरुवात गुरुवारी सकाळी करावी लागते: दिवसभर भिजत, संध्याकाळी उपसून फडक्यात घट्ट, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मोड, मग कोमट पाण्यात टाकून सोलणं. ६०० ग्रॅम वाल सोलायला दोन बायकांना तास-दीड तास लागतो. फडकं फार ओलं राहिलं तर वाल आंबूस वास मारतात, आणि पावसाळी गारठ्यात मोडाला अर्धा दिवस जास्त द्यावा लागतो. म्हणूनच गटाचा नक्की आकडा ४८ तास आधी हवा. आयत्या वेळी चार माणसं वाढली तर भात वाढवता येतो, बिरडं नाही. ऑक्टोबरात डब्यातले वाल सात-आठ महिन्यांचे असतात. राख लावून ठेवलेले नसतील तर भुंग्यानं पोखरलेले निघतात, तेव्हा भिजवण्याआधी पाखडून पाहणं भाग आहे.

सोलकढीला तीन नारळ. दूध कोमटाहून गरम असताना आगळ घातलं की ती फाटते. आगळात मीठ असतंच, त्यामुळे वरून मीठ घालण्याआधी चाखायचं. सकाळी करून संध्याकाळी वाढू नये. उरली तर टाकावी.

रात्री अळूचं फतफतं, त्यात आठळ्या आणि भिजवलेली डाळ. अळूतले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला खाजवतात, म्हणून भाजीचंच अळू घ्यायचं, चिंच किंवा आमसूल घालून पूर्ण मऊ शिजवायचं. पाहुण्यांना "आम्ही चिरतो" अशी हौस असते, त्यांच्या हाताला आधी खोबरेल लावावं. मांसाहार करणाऱ्यांना कोंबडी-वडे, पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला नवरात्र येऊ शकतं. उपास कोणाचा, नऊ दिवस शाकाहारी कोण, हे बुकिंगच्याच फोनवर विचारलं नाही तर शनिवारी रात्री वरीचे तांदूळ शोधत फिरावं लागतं.

रविवारी सकाळी तवशाचं धोंडस: जून तवशाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, वर-खाली निखारे. दुपारी केळफुलाची भाजी. १२ पानांना तीन केळफुलं, प्रत्येक फुलातली काळी काडी आणि पारदर्शक पापुद्रा काढून रात्रभर ताकाच्या पाण्यात. हे काम शनिवारी संध्याकाळी ओटीवर सगळ्यांना घेऊन बसलं तर तासाभरात होतं, आणि आम्हाला विचाराल तर मुक्कामातला सर्वांत चांगला तास तोच ठरतो.

या मांडणीत बाजारातून आलं ते तेल, कांदा, गूळ, डाळ, चहा-साखर, थोडं दूध. भाजी एकही नाही.

अडचण मनुष्यबळाची उरते. हाच आठवडा हळव्या भाताच्या कापणीचा. पावसानं उघडीप दिली की घरची सगळी माणसं खाचरात, आणि स्वयंपाकघरात एकटी काकू १४ माणसांसमोर. फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा निवडला जातो त्याचं हेही एक कारण आहे; तो लवकर होतो. सोलणं-निवडणं लागणाऱ्या जेवणाला किमान तीन हात हवेत, म्हणजे वाडीतल्या दोन बायकांना रोजावर बोलवायला हवं आणि तो रोज पॅकेजच्या दरात धरायला हवा. घरची भाजी "फुकटची" धरून दर लावणारी केंद्रं पहिल्या दोन वर्षांत दमतात. भाजी, तांदूळ, नारळ बाजारभावानं वहीत लिहावेत, घरच्या बाईचा रोजही लिहावा, मग दर काढावा.

येणाऱ्यानंही काही विचारून घ्यावं. "सगळं शेतातलं का?" या प्रश्नाला "हो" हेच उत्तर मिळतं. त्यापेक्षा "आमच्या तारखांना तुमच्याकडे काय असेल?" असं विचारावं. समोरून पिठी, अळू, तवसं अशी नावं आली तर घर खरं आहे. "जे म्हणाल ते करून देऊ" असं आलं तर बाजाराची पिशवी ठरलेली. मे महिन्यात आंबा, फणस, करवंदं असतात पण पाणी आणि पालेभाजी बेताची. जुलै-ऑगस्टात टाकळा, भारंगी, करटोली या रानभाज्या. डिसेंबर ते फेब्रुवारी परसातली सगळ्यात भरलेली भाजी आणि पोपटीसाठी (मडक्यात भाजायला) वालाच्या ताज्या शेंगा. शेतात उतरताना मुलांनाही गमबूट हवेत. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं हा विषारी साप सर्रास आढळतो आणि तो कापलेल्या भाताच्या पेंढ्यांखाली, गडग्याच्या दगडांत बसतो. रात्री परसात जायचं तर विजेरी. पायाला जखम असेल तर खाचरातल्या पाण्यात उतरू नये, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तापाचा धोका असतो.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. ती जरूर करावी. ताटात घरचं किती, हे मात्र कागदावर सोडू नये. इटलीत २००६ च्या कायद्यानं शेतघरातल्या जेवणात स्वतःच्या उत्पादनाचा लक्षणीय वाटा बंधनकारक केला आहे आणि त्याचे निकष तिथली प्रादेशिक सरकारं ठरवतात. आपल्याकडे एक साधा फळा पुरतो. स्वयंपाकघराच्या दाराशी, तीन रकाने: घरचं, वाडीतलं, बाजारातलं. रोज सकाळी भाजी तोडून आणणाऱ्यानं तो लिहायचा. आणि त्याच फळ्याच्या मागे, घरच्यांसाठी, खडूनं चार तारखा: जुलैअखेर पडवळाच्या पिशव्या, १५ ऑगस्ट भेंडी आणि चवळी, १ सप्टेंबर माठाचा पहिला वाफा, १२ सप्टेंबर दुसरा.